श्रावणातली भेग

चांगला टोला कशाला म्हणायचं, या एका प्रश्नावर मी बापूसाहेब देवपुजाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडलो आणि एकदाही जिंकलो नाही. आता ते नाहीत, तेव्हा जिंकायला हरकत नव्हती. पण समोर भांडायला माणूसच नाही म्हटल्यावर जिंकण्यात काय मजा? शिवाय अलीकडे मलाच त्यांचं म्हणणं पटायला लागलंय. गेलेली माणसं वाद जिंकतात ती अशी.

टोला म्हणजे गोल्फचा टोला. हसू नका. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेलं होतं आणि अमरावतीच्या कॅम्पात साहेब लोकांनी गोल्फचं मैदान केलं होतं. मैदान कसलं, मुरमाड माळ, थोड्या बाभळी, एक नाला आणि नाल्याच्या अलीकडे काळ्या मातीचा पट्टा. त्यात नऊ खड्डे. विलायतेत म्हणे खड्ड्याभोवती मऊ हिरवळ राखतात. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसांना प्यायला पाणी पुरेना, गवताला कुठून पाजणार? म्हणून खड्ड्याभोवती वाळूत तेल कालवून ती थापून ठेवलेली असे. खेळून झालं की ज्यानं त्यानं आपल्या पावलांचे ठसे फळीनं सारखे करायचे आणि पुढं जायचं. साहेब लोक संध्याकाळी खेळत. सकाळी त्यांच्या मेहेरबानीनं मैदान आम्हा नेटिवांना मोकळं असे. आम्ही म्हणजे दोन वकील, एक डॉक्टर, तेल्हाऱ्याचे एक जमीनदार आणि सरकारी शाळेत इतिहास शिकवणारा मी. क्लबाच्या व्हरांड्यात आम्हाला मज्जाव होता. आमची बैठक कडेच्या निंबाखाली, सतरंजीवर.

बापूसाहेब त्यातले एक वकील. वडील अकोल्यात पूजा सांगायचे. यांनी पोथी सोडून कायदा धरला, पण सोवळं काही सुटलं नाही. ते फक्त देवघरातून निघून खरंखोटं या विषयात जाऊन बसलं. अंगानं बारके, आवाज खर्जातला. मैदानावरसुद्धा काळा अल्पाकाचा कोट, त्याखाली घट्ट काचा मारलेलं धोतर आणि पायात कॅनव्हासचे बूट. अंबापेठेत माझं बिऱ्हाड त्यांच्या शेजारी होतं, म्हणून या भानगडीत मी पडलो. नाहीतर आमच्या सात पिढ्यांत विटीदांडूपलीकडे कुणी काठी चेंडूला लावली नव्हती.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "मास्तर, हाताला काय कळलं?"

मी म्हटलं, "झिणझिण्या आल्या. कोपरापर्यंत."

"म्हणजे चुकला. टोला खरा लागला की हाताला काहीच कळत नाही. चेंडू होता की नव्हता अशी शंका येते. तेवढी शंका आली की वर बघायचीसुद्धा गरज नाही."

"पण चेंडू जातो कुठं, ते नको बघायला?"

"ते चेंडूचं बघणं. तुमचं काम झालं."

मला हे मुळीच मान्य नव्हतं. चेंडू खड्ड्याजवळ गेला तर टोला चांगला, लांब गेला तर वाईट. यात वेदान्त कशाला आणायचा? मी तसं म्हणायचो आणि ते शांतपणे विचारायचे, "पोरगा पास झाला म्हणजे शिकला का हो, मास्तर?" आता यावर शाळेत नोकरी करणाऱ्या माणसानं काय बोलावं?

आमच्या निंबाखालच्या बैठकीला एक नियम होता, तो त्यांनीच घातलेला. कुणी किती टोल्यांत मैदान पुरं केलं, हा हिशेब तिथं काढायचा नाही. डॉक्टरांच्या घरून केटलीतून चहा येई, शेंगदाणे आणि गूळ असे. एकेकानं आपला त्या दिवसाचा एकच टोला सांगायचा. दुसरा सांगायला बंदी. बाकीच्यांनी तो मान्य करायचा किंवा फेटाळायचा. नशिबानं लागलेला बाद. आणि ज्याला सांगण्यासारखं काही नसेल त्यानं सरळ म्हणायचं, "आज नाही." त्यात कमीपणा नव्हता. खुद्द बापूसाहेब आठवड्यातून बहुतेक दिवस "आज नाही" म्हणत आणि मजेत गूळ खात.

एकदा माझा चेंडू असा काही उडाला की मी स्वतःच दचकलो. पण गेला तो थेट नाल्यात. चरफडत मी निंबाखाली येऊन म्हटलं, "आज नाही." तर बापूसाहेब कोर्टात उभं राहावं तसे उभे राहिले.

"मास्तर साफ खोटं बोलताहेत. सहाव्या खड्ड्याचा आवाज मी ऐकला. तो यांच्या जन्मातला पहिला खरा टोला होता. नाल्याचा दोष यांच्या माथी मारू नका."

त्यांनी माझी बाजू इतकी लावून धरली की डॉक्टर आणि दुसरे वकील हसत हसत कबूल झाले. मी फार खूश झालो, हे सांगायला कशाला लाजू?

उलट बाजूचीही गोष्ट आहे. एकदा थंडीत साहेबांच्या चौकडीत एक गडी कमी पडला आणि मोठ्या साहेबानं बापूसाहेबांना बोलावणं धाडलं. बघायला आम्ही बांधावर. तहसीलदारही अदबीनं उभे. साहेबाचा एक टोला वाकडा निघाला, बाभळीच्या बुंध्यावर आपटला, मागं फिरला आणि खड्ड्याच्या अगदी काठाशी वाळूवर जाऊन बसला. टाळ्या पडल्या. साहेब फुशारून बापूसाहेबांकडे वळला, "कसा काय?"

बापूसाहेब त्यांच्या कोर्टातल्या इंग्रजीत म्हणाले, "टोला उत्तम, साहेब. पण तो बाभळीचा होता. आपला तर डावीकडे निघाला होता."

तहसीलदारांचा चेहरा पांढराफटक. त्याच साहेबापुढं पुढच्या आठवड्यात बापूसाहेबांचं एक अपील होतं, हे सगळ्या अमरावतीला ठाऊक. साहेब मोठ्यानं हसला आणि दुसरा चेंडू मागवून तोच टोला परत मारला. तो आणखी वाकडा गेला. "हा मात्र आपला," बापूसाहेब म्हणाले. अपिलाचं काय झालं ते विचारू नका. साहेबानं कायद्याप्रमाणे केलं म्हणतात, म्हणजे बापूसाहेब हरले.

त्यांच्या आठवणीची तऱ्हाही न्यारी होती. माई, म्हणजे त्यांचं कुटुंब, कपाळाला हात लावायच्या. बाजारातून कोथिंबीर आणायला सांगितलं तर हा माणूस पिशवीच विसरून येणार. पण टोला? "तूर फुलावर होती, निंबाखाली मुंगळे निघाले होते, डॉक्टरांना सर्दी झाली होती, त्या दिवशीचा तिसऱ्या खड्ड्याचा." त्यांच्या डोक्यात पंचांग होतं ते असं.

त्यातला एक टोला मैदानावरचा नव्हताच. आम्ही दोघं बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट बघत होतो. त्यांची तिथं तारीख होती आणि मी सुटीला घरी निघालो होतो. एका बाईनं टोपलीतलं सडकं संत्रं बाजूला फेकलं, ते गडगडत बापूसाहेबांच्या पायाशी येऊन थांबलं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मला वाटलं, उचलून बाजूला टाकतील. छे! हातातली छत्री उलटी धरली, पाय रोवले आणि दिला टोला. संत्रं रूळ ओलांडून पलीकडच्या मालगाडीच्या डब्यावर जाऊन फुटलं. निम्मा रस यांच्या कोटावर. फलाटावरची माणसं हे बघायला गोळा झाली. हवालदार धावत आला.

"काय झालं जी, वकीलसाहेब?"

बापूसाहेबांचे डोळे मिटलेले होते. "काही नाही, हवालदार. आजचा झाला."

रसाचे डाग पडलेल्या कोटानंच ते अकोल्याच्या कोर्टात उभे राहिले. खटला कसला होता ते पुढं त्यांनाही आठवत नसे. संत्रं मात्र दर हिवाळ्यात निघे.

आता गुलाबराव वानखड्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट पुढं सरकत नाही. हेच ते तेल्हाऱ्याचे जमीनदार. कपाशीची काळीभोर जमीन, मुलांच्या शिक्षणासाठी अमरावतीत केलेलं घर, डोक्याला भलामोठा फेटा. बापूसाहेब आणि ते अकोल्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. म्हणून सगळ्या शहरात बापूसाहेबांना "बापू" म्हणणारा हा एकच माणूस, आणि त्यांना "गुलाब्या" म्हणणारे बापूसाहेब एकटेच. गुलाबराव चेंडूला असा हाणत की वाटे, काठीचे दोन तुकडे होतील. मनाचा राजा माणूस. पण त्यांच्या तोंडून कुठलीही बातमी निघाली की फुगून निघे. हातभर साप त्यांच्या सांगण्यात बांधाला वेढा घालून बसे. निंबाखाली त्यांचा टोला निम्म्या वेळा फेटाळला जाई आणि ते म्हणत, "जाऊ द्या ना बाप्पा, उद्या अजून दूर मारीन."

बापूसाहेबांचे डोळे बिघडायला लागले ते आधी गुलाबरावांनाच कळलं. बापूसाहेब चहा कपाच्या बाहेर ओतायला लागले होते. समोर बसलेला माणूस दिसे, पण बाजूच्याला टक्कर देत. आमच्या डॉक्टरांनी तपासलं, नागपूरला पाठवलं, तिथून मुंबईला. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही जाणार, असा निकाल घेऊन ते आले. नवीन खटले घेणं त्यांनी थांबवलं. रडारड नाही, काही नाही. एके सकाळी निंबाखाली आम्हा सगळ्यांना बसवून मात्र ते बोलले.

"पायाजवळचा चेंडू मला अजून दिसतो. पांढरा ठिपका दिसतो. सुटला की गेला, पुढचं काही दिसत नाही. तेव्हा तो कुठं पडला हे तुम्ही सांगणार. एकच मागणं आहे. वाईट पडला तर वाईट सांगा. दया करू नका. एकदा जरी मला कळलं की तुम्ही गोड बोललात, तर तो टोला तर जाईलच, पण त्याच्या आधीचे सगळे चांगलेही जातील. मग कुठला खरा आणि कुठला तुमचा, हे मी कशावरून ओळखू? माझ्याकडं आता तेवढंच राहिलंय."

गुलाबरावांनी ताबडतोब गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. "तुई आन बापू, झूट बोलन तर जीभ झडन!" खरं म्हणजे तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. इतक्या घाईनं शपथ घेणारा साक्षीदार बापूसाहेबांनी दुसऱ्या कुणाचा एका मिनिटात फोडला असता.

तो उन्हाळा बापूसाहेबांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उन्हाळा ठरला. त्यांनी टोला मारायचा, गुलाबरावांनी फेटा सावरत पुढं पळायचं आणि तिकडून ओरडायचं, "झकास, बापू! वाळूच्या जवळ हाय!" आता वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे काळ्या मातीला ह्या भल्यामोठ्या भेगा. हात घातला तर खांद्यापर्यंत जाईल. चेंडू आत गेला की गेला. म्हणून साहेब लोकांनीच नियम केला होता, भेगेत गेलेला चेंडू काढून किंवा दुसरा घेऊन बाजूला ठेवावा, त्याचा दंड नाही. त्या वर्षी बापूसाहेबांचे चेंडू भेगांत फार जाऊ लागले. "भेगेत गेलता, काढून ठेवला!" हे गुलाबरावांचं पालुपद झालं. बाजूला म्हणजे किती बाजूला, हे आमच्यापैकी कुणी मोजायला गेलं नाही. बापूसाहेब आता आठवड्यातून दोन-दोन, तीन-तीनदा आपला एक सांगायला लागले. गूळ खाताना त्यांचा चेहरा उजळलेला असे. माई म्हणायच्या, "डोळे गेले तर गेले, यांचा खेळ सुधारला बाई!"

मग पाऊस आला आणि मैदान बंद झालं. श्रावणात चार दिवस उघडीप पडली तशी आम्ही परत गेलो. ऊन-सावलीचा खेळ चाललेला, नाल्याला पाणी, पलीकडच्या शेतात कपाशी गुडघ्याला आलेली. चौथ्या खड्ड्यावर बापूसाहेबांनी टोला मारला. आवाज बोदा आला. चेंडू तिरपा जाऊन नाल्याकाठच्या झुडपात शिरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढून गुलाबराव ओरडले, "बराबर पट्ट्यात पडला, बापू! भेगेत गेलता. काढून ठेवला!"

बापूसाहेबांनी हातातली काठी माझ्याकडं दिली, चालत चालत काळ्या पट्ट्यापर्यंत आले आणि खाली वाकून जमिनीला तळहात लावला. ओली, फुगलेली, तुपट माती. हाताला चिकटून वर आली. सुई शिरेल एवढीसुद्धा फट तिच्यात नव्हती.

"गुलाबराव," ते म्हणाले.

गुलाब्या नव्हे, गुलाबराव.

"गुलाबराव, तेल्हाऱ्याला आपली जमीन कधीपासून आहे?"

"आज्याच्या आज्यापासून हाय. काहून?"

"काळी?"

"हाव. काळीच."

"पावसाळ्यात तिला भेगा पडतात?"

वऱ्हाडातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की पहिल्या चार सरींत काळी माती फुगते आणि भेगा मिटतात. त्या मातीवर जन्म काढलेला माणूस, आणि प्रेमाच्या भरात श्रावणात भेग काढून बसला!

"नाई पडत," ते हळूच म्हणाले.

"मास्तर, चेंडू कुठं गेला?"

मी म्हटलं, "नाल्याच्या झुडपात."

"आवाजावरून मलाही तसंच वाटलं होतं." त्यांनी हात धोतराला पुसला. "उन्हाळ्यातलेही गेले मग सगळे. चला मास्तर, टांगा बोलवा."

"बापू, आयक ना," गुलाबराव मागं आले. "मले वाटलं, तुले तेवढीच खुशी. त्यात कोणाचं काय जाते?"

"तुमचं काही जात नाही, गुलाबराव. आपण सुखी राहा," बापूसाहेब म्हणाले आणि टांग्यात बसले.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. आतल्या ओसरीवरच्या बंगईवर बसून एका पायानं झोके घेत राहायचे. मी संध्याकाळी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवी. ते ऐकत, पण वाद घालत नसत, आणि बापूसाहेबांनी वाद घातला नाही की मला घास गोड लागत नसे. गुलाबराव दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा "झोपले आहेत" असा निरोप मिळाला, आणि बंगईच्या कड्या आतून कुरकुरताना त्यांना ऐकू येत होत्या. दारात माईंनी त्यांना सांगितलं, "भाऊजी, खोटं बोललात म्हणून ते इतके रागावले नाहीत. तुम्हीसुद्धा त्यांना आंधळं धरलंत, ते त्यांना लागलंय." एवढा धिप्पाड माणूस, फेट्याच्या शेवानं डोळे पुसत गल्लीतून गेला. निंबाखाली त्यांची पाळी आली की खाली मान घालून ते म्हणायचे, "आज नाई." एरवी तो शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र कुणाला दार लावता येत नाही. सोनं द्यायला वैरी आला तरी त्याला बसायला सांगावं लागतं. मी बापूसाहेबांकडे होतोच. गुलाबराव आपट्याची पानं घेऊन आले, बापूसाहेबांच्या हातात ठेवली, पाया पडले. समवयस्क माणूस पाया पडला तसे बापूसाहेब चपापले. पण "बसा," एवढंच म्हणाले.

गुलाबराव बसले नाहीत. उभ्यानंच सुरू झाले.

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दोन नंबरचा. बाभळीखालून काढला होता तू. तो खरा. म्या हात नाई लावला."

बापूसाहेबांचा झोका थांबला.

"रामनवमीचा, पाचव्याचा. तो झूट. दगडात गेलता, म्या पायानं सारला. डॉक्टरसाहेब गावाले गेलते त्या दिवशीचा, तो खरा. हनुमान जयंतीचा झूट. थो भेगेत नव्हताच, भेगेच्या अलीकडंच मेला होता."

असं करत हा माणूस सगळा उन्हाळा मांडत गेला. कुठल्या दिवशी वारा होता, कुठल्या दिवशी टांगेवाला उशिरा आला, कुठला टोला बापूचा आणि कुठला आपल्या पायाचा. मी थक्क होऊन ऐकत होतो. ज्या गुलाबरावांना कालचा साप आज केवढा होता हे सांगता येत नसे, त्यांनी मित्राचा एकेक टोला जसाच्या तसा मनात जपून ठेवला होता. बापूसाहेब आधी नुसते ऐकत होते. मग हळूहळू मान हलवायला लागले.

"हनुमान जयंतीचा ना? मला तेव्हाच खटकला होता," ते म्हणाले. पुढच्या एकाला म्हणाले, "हो, त्याला मनगट वळलं होतं." आणखी एकाला, "तो खरा ना? मला वाटलंच. पण बोललो नाही."

त्यांच्या हातांना सगळं कळलेलं होतं. गुलाबराव ज्याला झूट म्हणत, तो त्यांना तेव्हाच डाचलेला निघे. माई आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या होत्या.

शेवटी बापूसाहेबांनीच विचारलं. "आणि आखाजीचा? सातव्याचा?"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, टोल्याचं कौतुक त्यांनी आम्हाला सगळा उन्हाळा ऐकवलं होतं. हाताला काही म्हणता काही कळलं नाही, असा टोला जन्मात एखादाच. गुलाबरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"काय सांगू बापू. तो नाल्यात गेलता. म्या काढून आणून ठेवला."

बंगईची कडी कुरकुरली. मला वाटलं, संपलं.

"नाल्यात जाऊ दे," बापूसाहेब म्हणाले. "लागला कसा होता?"

"लागला?" गुलाबरावांनी दोन्ही हात वर केले. "लागला तर असा लागला का म्या तोंड वासून पाह्यतच राह्यलो! बम उंच गेला. वरतं वारं होतं, थ्यानं वळवला."

"मग तो माझाच की रे गुलाब्या!"

आणि बापूसाहेब असे हसायला लागले की बंगईवरून घसरायचे राहिले. माईंनी पदर तोंडाला लावला. गुलाबराव आता बसले, आणि बसले ते हमसून हमसून रडायलाच लागले. "अबे, चूप," बापूसाहेब म्हणाले, "सणाच्या दिवशी बायकांसारखा रडतोस काय? उद्या टांगा सकाळी पाठव." मग तांब्याभर पाणी आलं, करंज्या आल्या.

त्या दिवसापासून नवीन रीत पडली. टोला मारला की आधी बापूसाहेबांनी सांगायचं, हाताला काय कळलं आणि त्यावरून चेंडू कुठं असेल. मग गुलाबरावांनी डोळ्यांनी बघून निकाल द्यायचा. आणि निकाल काय एकेक!

"माझ्या मते उजवीकडं, बाभळीपाशी."

"बाभूळ कशाची बाप्पा? ढेकूळ उडालं. चेंडू तुह्या पायाशीच हाय."

बापूसाहेबांना हसू आवरत नसे. इतकं वाईट ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोघांचं म्हणणं जुळलं की चौघांना हाका मारून सांगायचे. बहुतेक वेळा जुळायचं. गुलाबरावांना मात्र या खरं बोलण्याचा जाच फार झाला. सवय लागल्यामुळे एकदा घरी जेवताना वरणाबद्दल खरं बोलून बसले आणि दोन दिवस त्यांचा डबा डॉक्टरांकडून आला. "बापूनं मले कामातून घालवलं," ते म्हणायचे. पण निंबाखाली त्यांचेही टोले आता फेटाळले जात नव्हते.

पुढं माझी बदली अकोल्याला झाली. बापूसाहेब गेल्याचं मला तिथंच कळलं. तोवर उरलीसुरली नजरही गेली होती म्हणतात, पण गुलाबराव त्यांना सकाळी मैदानावर नेतच होते. मी पाहिलेले बापूसाहेब मात्र पौषातले, मी अमरावती सोडायच्या आदल्या सकाळचे. गारठा होता, म्हणून अल्पाकाच्या कोटावर त्यांनी माईंची शाल गुंडाळली होती. शेवटच्या खड्ड्यासाठी ते उभे राहिले. काठीच्या टोकानं चेंडू चाचपला, काठी मागं घेतली आणि टोला दिला.

आवाज झाला की नाही, मला नक्की सांगता येणार नाही.

गुलाबरावांनी तोंड उघडलं तसा बापूसाहेबांनी हात वर केला. "बोलू नको. मी सांगतो." एवढं म्हणून त्यांनी काठी खाली टाकली आणि ते चालायला लागले. एकटेच. गुलाबराव दोन पावलं मागं, दोन्ही हात पुढं, सावरायला तयार, पण त्यांना न लावता. मुरमावर त्यांचे बूट करकरत होते. बरंच अंतर गेल्यावर ते थांबले, पायानं जमीन चाचपली. इतका लांब त्यांचा टोला कधीच गेला नव्हता, म्हणून तिथं थांबतानासुद्धा ते जरा बिचकतच होते.

"इथं असावा," ते म्हणाले. "आहे का रे?"

"नाई."

बापूसाहेबांचे खांदे खाली आले. "मग? मागं राहिला?"

"पुढं हाय. बम पुढं हाय, बापू. चाल."

बापूसाहेब जागचे हलले नाहीत. त्यांनी मान वळवली आणि ज्या बाजूनं आवाज आला तिकडं ते कान देऊन उभे राहिले.

"गुलाब्या. खरं सांग."

"चाल म्हनतो ना."

मग बापूसाहेब शाल सारखी करून चालायला लागले, आधी सावकाश आणि मग भराभर. मी निंबाखाली उभा होतो. उन्हं वर आली होती आणि तिथून मला सगळं मैदान स्वच्छ दिसत होतं. चेंडू खरंच पुढं होता.